आठवीतल्या भाचीला ५००-६०० रुपयांत मेकअपचं काय द्यावं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. भाची पुढच्या महिन्यात १३ वर्षांची होतेय, "मामा, यंदा ड्रेस नको, मेकअपचं काहीतरी आण" असं तिनं स्वतःच सांगितलंय, तुमचं बजेट ५०० ते ६०० आहे आणि दुकानात जाऊन नक्की काय मागायचं हे तुम्हाला सुचत नाहीये. साताऱ्यात मोती चौकाजवळ आमचं कटलरीचं दुकान आहे. १६ वर्षं मी काउंटरला उभी राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, ते मोठं किट घेऊ नका.

मामा-काका मंडळी आली की बहुतेकांचं बोट तिकडेच जातं, आणि का जातं तेही मला समजतं. झाकण उघडलं की आत आरसा, चाळीस-पन्नास रंगांच्या वड्या, खालच्या खणात लिपस्टिकचे तुकडे, दोन ब्रश, फोमच्या चार काड्या. सगळं मिळून तीन-साडेतीनशेत. हातात घेतलं की भाचीला भरपूर दिल्यासारखं वाटतं. पण ते तिथेच उलटं करून बघा. मागे किमतीचं स्टिकर असतं, एखादं परदेशी वाटणारं नाव असतं, बाकी काही नाही. कुणी बनवलं, कुठे, कधी, कशापासून, कशाचाच पत्ता नाही. वडीवर बोट घासलं तर रंग खडूसारखा भुरभुर गळतो.

आम्हीही असली किट ठेवायचो. माझ्या जावेची मुलगी सहावीत असताना गॅदरिंगला आमच्याच दुकानातलं एक घेऊन गेली. कोळीनृत्य होतं, तिनं पापण्यांवर निळी चमकी लावली. घरी येईस्तोवर दोन्ही पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, थेंब दिले, चार दिवस शाळा बुडाली. आपण विकलेल्या मालानं घरातल्याच लेकराचे डोळे सुजले, हे मला आजही बोचतं. त्यानंतर बॅच नंबर नसलेला माल घेणं आम्ही बंद केलं. होलसेलवाले अजूनही आणून दाखवतात, यात मार्जिन दुप्पट आहे म्हणतात.

म्हणून आधी खोक्यावर काय बघायचं ते सांगते. आपल्याकडे यासाठी कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू आहेत. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवान्याचा नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि आत काय काय घातलंय त्याची यादी, हे छापलेलं हवं. बाहेरच्या देशातला माल असेल तर इथं आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणीचा नंबर हवा. छोट्या नळीवर एवढं मावत नाही, तेव्हा बाहेरचं खोकं मागून घ्या. अक्षरं बारीक असतात, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. चांगला दुकानदार याचा राग धरत नाही. मोठ्या कंपनीची ८०० रुपयांची लिपस्टिक कुणी १२० ला देत असेल तर ती फर्स्ट कॉपी, म्हणजे नकली माल आहे, मग ती यात्रेतल्या स्टॉलवर असो नाहीतर ऑनलाइन.

आता काय घ्यायचं. तीनच वस्तू घ्या, तिन्ही सीलबंद आणि ती खरंच वापरून संपवेल अशा.

पहिला लिप बाम, हलक्या रंगाचा. लावला की ओठ किंचित गुलाबी दिसतात, म्हणजे तिला लिपस्टिक लावल्याचा आनंद मिळतो आणि घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांवरही येत नाही. शिवाय आपल्याकडे थंडीत ओठ फुटतात ते वेगळंच. मेबलिन, निव्हिया, हिमालया, कुठल्याही ओळखीच्या कंपनीचा चालेल, साधारण २०० च्या आत बसतो. मागच्या डिसेंबरात एक मुलगी रिकामी नळी घेऊन दुकानात आली. तळाशी उरलेला बाम तिनं केसातल्या पिनेनं कोरून काढला होता, पिनेचं टोक गुलाबी झालं होतं. "काकू, हाच द्या, अगदी हाच रंग," म्हणाली. किटातली एकही वडी इतक्या मायेनं संपवलेली मी पाहिलेली नाही. तुमच्या पैशाला न्याय देणारी वस्तू हीच आहे.

दुसरं काजळ. तेराव्या वर्षी मुलींना सगळ्यात जास्त हौस त्याचीच असते. फिरवून वर येणारी पेन्सिल घ्या, डबीतलं नको, कारण डबीत सारखं बोट जातं. पण देताना तिला दोन गोष्टी नीट सांगा. रात्री झोपण्याआधी ते पुसायचं, आणि मैत्रिणींत फिरवायचं नाही. वर्गात एकीचं काजळ पाच जणी लावतात आणि एकीचे डोळे आले की पाचही जणींचे येतात. लिप बामचंही तसंच, तो ज्याचा त्यानेच वापरायचा. आणि आजी "सुरमा बरा" म्हणाली तरी बाजारातला सुट्टा सुरमा घेऊ नका. पुष्कळदा त्यात शिशाचं खनिज असतं आणि शिसं वाढत्या वयाच्या मुलांना फार वाईट.

तिसरी नेलपेंट, एकच बाटली, फिकी गुलाबी किंवा पीच. एल एटीन, लॅक्मे यांच्या छोट्या बाटल्या खिशाला परवडतात. बऱ्याच शाळांत नेलपेंट चालत नाही, म्हणून सोबत रिमूव्हरही द्या, नाहीतर रविवारी रात्री बिचारी ब्लेडनं खरवडत बसते.

पैसे उरले तर सनस्क्रीनची लहान ट्यूब, एसपीएफ ३० किंवा वर. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला ती सगळ्यात उपयोगी, पण नुसती तीच दिलीत तर ती हिरमुसेल. तिनं मेकअप मागितलाय, औषध नाही.

फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट मात्र अजिबात नको. या वयात त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागलेल्या असतात, वरून जाड थर बसला की छिद्रं बुजतात आणि पुटकुळ्या येतात. मग पुटकुळ्या झाकायला आणखी फाउंडेशन. शिवाय शेड तिच्याशिवाय जुळवता येत नाही. (कपाळावरच पुटकुळ्या येत असतील तर मेकअपच्या आधी डोक्याच्या तेलाकडे बघा. चोपून तेल लावून वेण्या घातलेल्या मुलींच्या कपाळावर त्या हमखास दिसतात.) रील बघून रेटिनॉलचं आणि ॲसिडचं सीरम मागायला सातवी-आठवीच्या मुली येतात, त्यांना मी देत नाही. ते मोठ्यांच्या त्वचेसाठी बनवलेलं असतं. कोवळ्या चेहऱ्याची त्यानं आग होते, साल निघते.

आणि दादा, हे मला कळकळीनं सांगायचंय. गोरं करणारं काहीही देऊ नका. तुमची भाची सावळी आहे की उजळ, मला माहीत नाही. पण मामानं वाढदिवसाला तसली क्रीम दिली की पोरगी त्याचा अर्थ बरोबर लावते आणि तो तिच्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे आया मुलींना पुढ्यात उभं करून "हिला काहीतरी द्या हो, फार काळवंडलीय" म्हणतात. त्या वेळी त्या मुलीची मान कशी खाली जाते ते काउंटरच्या या बाजूनं फार स्पष्ट दिसतं. एका मोठ्या कंपनीनं २०२० साली आपल्या क्रीमच्या नावातला "फेअर" काढून टाकला, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून तो अजून गेलेला नाही. बिननावाच्या डब्यांत तर पारा निघतो आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं खराब होतात. काही जण मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून गोरं व्हायला लावतात, चेहऱ्याची त्वचा पातळ आणि लाल होऊन बसते. तसली मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी लोक आणतातच.

खरेदीआधी ताईला एक फोन करा. भाचीला दमा, इसब किंवा कशाची ॲलर्जी आहे का विचारा, आणि काजळ-नेलपेंट घरी चालणार आहे का तेही. आईनं भेट कपाटात ठेवून कुलूप लावलं की रुसवा मामावरच येतो. घरी वापरायला सुरुवात करताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघायला सांगा. खाज किंवा लाली आली तर ती वस्तू तोंडाला लावायचीच नाही. टिकलीचं पाकीट सोबत देणार असाल तर त्यातही हे लक्षात असू द्या. कुणाकुणाला मागच्या गोंदानं कपाळावर पांढरा डाग पडतो, तसा दिसला की टिकली बंद करायची.

खोक्यात भरून देऊ नका. साताऱ्याच्या खणआळीत किंवा कुठल्याही पर्सच्या दुकानात खणाचं छोटं चेनचं पाउच मिळतं. तीन वस्तू त्यात घालून द्या. पाउच दप्तरात राहतं, मेकअप संपला तरी पेनं ठेवायला होतं.

आणखी एक. पॅकवर झाकण उघडलेल्या डबीचं चित्र आणि आत १२ किंवा ६ असा आकडा दिसला, तर उघडल्यापासून तेवढे महिनेच ती वस्तू वापरायची. भाचीला म्हणावं, उघडल्या दिवशी तळाशी पेननं तारीख घाल. पावती ठेवा, आणि पैसे देण्याआधीच दुकानदाराला विचारा, "सील न फोडता आणलं तर शेड बदलून द्याल ना?" आम्ही आठ दिवसांत बदलून देतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कुणी नीट दाखवत नाही. मधल्या वारी दुपारी जा, आणि भाचीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे बामचा रंग निवडायला सोपं जाईल.