सहीची पुस्तकं प्रदर्शनाला देताय? आधी पावती वाचा

आजोबांच्या कपाटात नरहर कुरुंदकर, गोविंद तळवलकर, य. दि. फडके या लेखकांच्या सह्या असलेल्या पहिल्या आवृत्त्या निघाल्या आणि एक संस्था त्या प्रदर्शनासाठी मागते आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळाच आला, कारण मी यातून गेले आहे.

माझे बाबा नांदेडला पीपल्स कॉलेजात कुरुंदकर गुरुजींचे विद्यार्थी. गुरुजींनी त्यांना पुस्तक दिलं तेव्हा आतल्या कोऱ्या पानावर बाबांचं नाव, सही आणि १९७१ ची तारीख घातली होती. एका संस्थेने (नाव लिहीत नाही) ते प्रदर्शनासाठी मागितलं. आठ दिवसांचाच प्रश्न, म्हणून मी दिलं. टेबलावर पावती पुढे आली, मी सही केली. ती देणगी पावती होती. मी वाचलीच नाही.

महिन्याभराने आणायला गेले तर पुस्तक दाखलनोंदीत, म्हणजे संस्थेच्या मालकीच्या पुस्तकांच्या वहीत, चढलेलं. जांभळा गोल शिक्का नेमका सहीवर, ‘कुरुंदकर’मधला ‘कुरुं’ त्याखाली गेलेला. दाखल क्रमांक बॉलपेनने, दाबून, मागच्या पानावर उमटेल असा. शिवाय सतराव्या पानावर आणखी एक शिक्का. परत मागितलं तर निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक त्या नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव कार्यकारिणीत व्हावा लागतो म्हणाले. तीन वर्षं, अकरा अर्ज. प्रत्येक वेळी ‘साहेब रजेवर’. पुस्तक मिळालं, पण बाबा तोवर गेले होते.

म्हणून सांगते, द्यायचंच असेल तर ‘प्रदर्शनापुरते तात्पुरते, परत करण्याच्या अटीवर’ असं दोन प्रतींत लिहून घ्या. ‘शिक्का, क्रमांक, चिकटपट्टी लावू नये’ हे वाक्य त्यात हवंच. सहीच्या पानाचा फोटो त्यांच्यासमोर काढा. माझं मत विचाराल तर मूळ प्रत देऊच नका, चांगली रंगीत छायाप्रत द्या. सगळ्या संस्था अशा नसतात, जपणारेही पाहिलेत. पण माझा विश्वास आता उडालाय.

सह्यांच्या खरेपणाबद्दल थोडं. मी तज्ज्ञ नाही, पण तारखा जुळवून बघाच. कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला गेले, फडके २००८ मध्ये, तळवलकर २०१७ मध्ये. त्यानंतरच्या आवृत्तीवर सही असेल तर सरळ बाजूला ठेवा. पुस्तकात नुसतं शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चच्या सुमाराला ७९. सहीची तारीख प्रकाशनाच्या आधीची निघाली तर शंका घ्या. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर सही छापलेली आहे.

कुणाच्या नावाने लिहून दिलेल्या प्रतीला भाव कमी, असं काही विक्रेते सांगतात. मला अजिबात पटत नाही. ‘अमुक यास’ म्हणून लिहिलेल्या पानातच त्या माणसांचा संबंध दिसतो. ते नाव खोडू नका, पान कापू नका. बाइंडरकडे तर मुळीच नेऊ नका. कडा कापताना सहीचं टोकही जातं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते.

प्रदर्शन कधी आहे ते कळवा. पोचपावतीचा मसुदा मी आज रात्री लिहून देते.