९ मिमी पिस्तुलात गोळी झाडल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) उभी अडकते, कारण काय?

बहुतेकदा स्लाइड पुरेशी मागे जात नाही. पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून मॅगझिन काढा आणि स्लाइड ओढून पुंगळी पाडा. मग रेंजवरच मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडा. स्लाइड मागे अडकून राहिली तर जोर पुरेसा आहे. मग एक्स्ट्रॅक्टरचा (पुंगळी ओढून काढणारा भाग) हूक आणि त्याखालची काजळी बघा. स्लाइड पुढे येऊन बंद झाली, तर मनगट घट्ट ठेवून पुन्हा झाडा. मनगट ढिलं असेल तर अख्खं पिस्तूल मागे सरकतं आणि स्लाइडचा जोर वाया जातो. तरीही तेच झालं तर काडतुसं बदला, नंतर साफसफाई आणि तेल. एका वेळी एकच बदल करा, हे फार महत्त्वाचं. आणि आवाज फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका, आधीची नळीत अडकलेली असू शकते.