खेळणं संपत आलंय, कोचिंगमध्ये जाऊ का?

टोरोंटोच्या आसपासच्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेकदा विचारतात आईवडील, आणि त्यांना खरं तर 'जाऊ द्यावं का' असं म्हणायचं असतं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा तिशी ओलांडलेला, आइस हॉकीतला डिफेन्समन, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. ज्युनिअर, म्हणजे साधारण विशीपर्यंतच्या पोरांच्या लीगनंतर बरीच वर्षं ईसीएचएल या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, मधूनच तिच्या वरच्या एएचएलमधून बोलावणं. सगळ्यात वरच्या एनएचएलचं दार काही उघडलं नाही. खुब्याची शस्त्रक्रिया झाली, करार वाढला नाही. एका ज्युनिअर क्लबनं सहायक कोच म्हणून विचारलं होतं. सोबत आलेले वडील मूळचे नाशिकचे. "डिग्री अर्धवट टाकली. आता पोरांपुढे शिट्ट्या फुंकत फिरणार! आणि मॅडम, जो स्वतः वरपर्यंत गेला नाही, त्याचं ऐकणार कोण?"

वडिलांच्या या शंकेला उत्तर सोपं होतं. वेन ग्रेट्झकीहून मोठा खेळाडू शोधून सापडणार नाही. तो 2005 ते 2009 एनएचएलमधल्या फिनिक्स संघाचा कोच होता, संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत पोहोचला नाही. उलट स्कॉटी बोमन खेळाडू म्हणून ज्युनिअरमध्येच थांबला, आणि कोच म्हणून 9 स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं जिंकला. जॉन कूपर तर वकिली सोडून आलेला. टॅम्पाच्या संघाला त्यानं 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन कप मिळवून दिले. वडील गप्प झाले. पटलं असं मात्र नाही.

मुलाचा गुंता वेगळा होता. त्याला एकट्याला विचारलं, "सगळ्यात जास्त काय आठवतं?" मला वाटलं, प्रेक्षक म्हणेल. तो म्हणाला, "शिफ्ट."

गोलकीपर सोडला तर या खेळात कोणी सलग बर्फावर राहत नाही. पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं, की बेंचवर परत; हीच शिफ्ट. दुसरी फळी आत. तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही नसतं, आणि त्याला हवं होतं नेमकं तेच. कोचिंगमध्ये ते मिळणार नव्हतं. साठ मिनिटं बेंचमागे उभं राहायचं, पकला (खेळातल्या चकतीला) हात लावायचा नाही, आणि डोकं क्षणभरही रिकामं नाही.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. डॉक्टरांची परवानगी असेल तर शिफ्टसाठी रात्रीच्या हौशी लीगमध्ये खेळायचं (तिला इकडे बीअर लीग म्हणतात, वडिलांना सांगताना मी नाव टाळलं). आणि क्लबला होकार देण्याआधी काही आठवडे लहान मुलांच्या संघाला मदत करायची. कुठे वेळेचं भान राहिलं नाही, कुठे चीड आली, हे वहीत लिहायचं.

एनएचएल गाजवलेला मार्टिन सेंट लुईसही स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवत होता. तिथून तो 2022 मध्ये थेट एनएचएलमधल्या मॉन्ट्रियल संघाचा कोच झाला. पण हॉल ऑफ फेममधल्या, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या यादीतल्या माणसाची वाट सगळ्यांना कशी मिळणार? हे त्याला मुद्दाम सांगितलं.

वही बोलकी निघाली. बर्फावर स्वतः करून दाखवताना तो वैतागत होता. व्हिडिओचे तुकडे पाडून 'इथे तू समोरच्याला फार जागा दिलीस' हे एखाद्या पोराला समजावताना मात्र जेवण विसरायचा.

मग पैशाचं बोलणं वडिलांसमोरच केलं. ज्युनिअरच्या सहायक कोचला फार पगार नसतो. मुख्य कोचला काढलं तर नवा माणूस बहुधा आपली माणसं घेऊन येतो. गंमत म्हणजे, हे कडू ऐकूनच वडील सैलावले. तोवर त्यांना वाटत होतं, मी मुलाची बाजू घेतेय.

त्यानं काम घेतलं, एका हंगामापुरतं. डिफेन्स आणि व्हिडिओ त्याच्याकडे आहे. डिग्रीचे उरलेले विषय तो ऑनलाइन करतोय, आणि करार वाढवायचा की नाही यावर बापलेकांचं अजून एकमत नाही.