पात्रांची नावं: वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी घरावर कादंबरी लिहिते आहे. काळ १९३५ पासून आजपर्यंत. मैत्रिणी म्हणतात, सगळी पात्रं एकाच वयाची वाटतात.

तुम्ही नावं स्वतःच्या आवडीने ठेवली असणार. नाव ठेवतात बारशाला, म्हणून आधी प्रत्येकाचं जन्मसाल मांडा. १९३५ साली घरात आलेली सून १९१५-२० च्या सुमारास जन्मलेली. ती द्वारका किंवा गोदावरी शोभेल. तिच्या मुली कुसुम, नलिनी; नाती वैशाली, मनीषा; पणती ईरा. द्वारकेच्या पिढीत 'पल्लवी' आली की वाचक तिथेच अडखळतो.

या सुनेचं लग्नात नावही बदललं असेल, ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून. माहेरची माणसं तिला द्वारकाच म्हणतील, सासरी ती लक्ष्मी, पुढे सगळ्यांची माई. तिन्ही नावं वापरा, पण पहिल्या प्रकरणातच एखाद्या प्रसंगात भाऊ 'द्वारके' आणि सासू 'लक्ष्मी' अशी हाक मारू दे. नाहीतर वाचक दोन बायका मोजतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं असेल, तर सून सासऱ्यांचं नाव घेणार नाही. पोराला घरात बाळ किंवा नाना म्हणतील आणि खरं नाव शाळेतच ऐकू येईल.

आडनाव सर्वांत जपून निवडा. त्यातून जात, मूळ प्रांत, पिढीजात काम दिसतं. फडणीस, पोतनीस, दफ्तरदार ही पदांवरून आलेली आडनावं. वाचक त्या घरात दरबारी नोकरीचा वारसा शोधणार. खंडेराव, मल्हार ही नावं खंडोबाच्या भक्तीतली, तेव्हा देवघरात त्याचा टाक हवा. शिवाय इंदूरचं एक खास: हिंदी लेखनात 'ळ' सहसा येत नाही. घरातले काळे शाळेच्या दाखल्यावर आणि शेजाऱ्यांच्या तोंडी 'काले' होतात. हिंदी संवादात 'काळे साहब' लिहिलं तर शहरच खोटं वाटेल.

नायिकेचं नाव रमावरून सुधा केलं. संगणकावर 'शोधा आणि बदला' वापरलं, तर घोटाळा झाला.

होणारच. 'रमाकांत'चा 'सुधाकांत' झाला असेल आणि 'रमेला', 'रमेच्या' तसेच राहिले असतील, कारण सामान्यरूपात 'रमा' उरतच नाही. 'रमे' वेगळं शोधा, हाक मारतानाचं 'रमे' त्यातच सापडेल. प्रत्येक जागा पाहून बदला, एकदम नको. 'सुधाला' की 'सुधेला' तेही आत्ताच ठरवा. पुस्तकात सुमन, सुनंदा असतील तर सुधा मुळीच नको. एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या, सारख्या लांबीच्या नावांत वाचकाची गल्लत होते.

रहस्यकथेत खुनी स्त्री की पुरुष ते शेवटपर्यंत लपवायचं आहे. 'किरण' नाव चालेल?

नाव चालेल, क्रियापद दगा देईल. 'किरण आला', 'किरण आली', आदरार्थी 'आले', 'आल्या', सगळीकडे लिंग उघडं पडतं. 'मी गेलो', 'मी गेले' यातही तेच. सुरक्षित रचना थोड्या आहेत: 'किरणने दार उघडलं', 'किरणला माहीत होतं', 'किरण येईल', 'किरण बोलत नाही'. लघुकथेत हे निभतं. पूर्ण कादंबरीत वाक्यं अवघडून जातात आणि चाणाक्ष वाचकाला तोच सुगावा मिळतो. तिथे किरणला कमी प्रसंगांत आणा आणि बाकीच्या पात्रांना त्या व्यक्तीचा उल्लेख फक्त आडनावाने करू द्या.