वाचकांचे प्रश्न : काचेच्या छताची डोंगरगाडी

प्रश्न : कापसाची वेचणी आटोपल्यावर वयस्क आईवडिलांना डोंगरातून जाणाऱ्या आरामदायी रेल्वेने फिरवून आणावे, अशी इच्छा आहे. कोणती गाडी निवडावी? – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपण वेचणीनंतर मोकळे होणार असल्याने मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटापेक्षा हिमालयातला कालका-सिमला मार्ग अधिक योग्य ठरेल; कारण दख्खन एक्स्प्रेसच्या विस्टाडोम, म्हणजे काचेच्या छताच्या डब्यातून दिसणारे घाटातले धबधबे पावसाळ्यातले, आणि तेव्हा आपल्याकडे डवरणी-निंदणाची घाई असते. 1903 साली सुरू झालेला 96 किलोमीटरचा कालका-सिमला मार्ग सुमारे 656 मीटर उंचीवरील कालक्याहून 2,076 मीटरवरील सिमल्यापर्यंत चढतो, आणि त्यासाठी गाडीला शंभराहून अधिक बोगदे ओलांडत पाचेक तास लागतात. त्यातला बडोगचा बोगदा 1,143 मीटर लांब आहे. दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेइतकेच, त्यामुळे आईवडिलांना डबा ओळखीचा वाटेल. आसने मात्र पुष्कळ मऊ! नागपूरहून दिल्लीमार्गे कालका गाठावे, तिथे रात्रभर विश्रांती घेऊन सकाळची गाडी पकडावी, आणि आरामदायी डब्यांत जागा मोजक्याच असल्याने आरक्षण आधी करावे. लोकरीचे कपडे हाताशी ठेवावेत.