दागिने मोडू नकोस, आधी पोटगीचा अर्ज टाक

तू लिहिलेलं सगळं नीट वाचलं. नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलीला घेऊन माहेरी आलीस, मुलगी सात वर्षांची, सीएच्या ऑफिसात १६ हजारांची नोकरी, कोर्टात अजून काहीच दाखल नाही. भाऊ म्हणतो, आठ तोळे मोडून पैसे दुकानात घाल, महिन्याला दोन टक्के देतो. आई म्हणते, त्यापेक्षा फ्लॅट बुक कर. माझं मत विचारशील तर सध्या दोन्ही नको.

माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगा बालवाडीत होता आणि पुढची सगळी नोकरी मी सहकारी बँकेत केली. दागिने घेऊन आलेल्या किती बायका काउंटरपलीकडे पाहिल्या असतील! त्यामुळे सोन्यापासूनच सुरुवात करते.

भावाची नियत वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण दुकान मंदीत गेलं तर त्याच्याच घरात राहून, त्याच्याच ताटात जेवून तू पैसे परत कशी मागणार? पैसे तर अडकतीलच, वर राहणंही अवघड होईल. त्याला सरळ सांग की हे पोरीच्या शिक्षणाचं आहे, हात लावायचा नाही. लग्नात तुला मिळालेलं सोनं हे स्त्रीधन आहे, त्यावर फक्त तुझा हक्क, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ साली सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. सासरी काही राहिलं असेल तर तेही मागता येतं. आहे ते तुझ्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेव. अगदीच नड आली तर बँकेत तारण ठेव, पण मोडू नकोस.

त्याच वेळी घरखर्चाला दरमहा ठरलेली रक्कम देत जा, अडीच-तीन हजार का होईना, आणि ती वहिनीच्या हातात दे. आईकडे दिलीस तर वहिनीपर्यंत ती पोचत नाही, आणि तुझा नि मुलीचा रोजचा स्वयंपाक वहिनीच करते. बरीच माहेरं यावरूनच नासतात.

आता पोटगी. "मला त्याचा एक पैसा नको" असं तू लिहिलंस. तुझा स्वाभिमान मला कळतो, पण मुलीच्या वाट्याचं तू परस्पर सोडू नकोस. तिला वाढवणं ही तिच्या बापाची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यासाठी घटस्फोट होईपर्यंत थांबावं लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं जे कलम १२५ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, त्याखाली तुझ्यासाठी आणि मुलीसाठी अर्ज करता येतो. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगीही मागता येते. छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही खर्च मिळतो. नीट लक्षात घे, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे "बघू दिवाळीनंतर" म्हणत तू जितके महिने घालवशील तितके बुडालेच. त्याच निकालाने दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, त्यामुळे तो पगार लपवेल या भीतीने मागे राहू नकोस. त्याच्या पगाराची स्लिप, गाडीचे कागद, जे हाताशी असेल त्याच्या झेरॉक्स काढून ठेव.

वकिलाच्या फीसाठी सोनं मोडायची वेळ येऊ देऊ नकोस. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. साधा अर्ज लागतो.

सरकारी योजनांपैकी तुझ्या कामाची आहे ती बालसंगोपन योजना. आई-वडील विभक्त असलेल्या मुलांनाही ती लागू होते, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा; उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाइड आधीच काढून ठेव. पैसे अनियमित येतात, म्हणून महिन्याच्या हिशेबात धरू नकोस, आले की थेट मुलीच्या खात्यात टाक. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार आहे, तू त्यात बसत नाहीस. कोणी कितीही सांगितलं तरी त्यासाठी तहसीलच्या चकरा मारू नकोस.

बचतीचं थोडक्यात सांगते. पगार होताच पोस्टात आरडी, हजार रुपयांनी सुरुवात झाली तरी चालेल. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी होईपर्यंत एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा पैसे गुंतवण्याचा, विचारही नको. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, तेवढं उघडून ठेव; वर्षाला २५० रुपयांवरही ते चालू राहतं. सगळी बचत मात्र त्यात कोंडू नकोस, मुलगी दहावी पास किंवा १८ ची होईपर्यंत त्यातले पैसे हाताला लागत नाहीत. आणि जास्त व्याज देते म्हणून पतसंस्थेत ठेव ठेवू नकोस. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मी स्वतः सहकार क्षेत्रात आयुष्य काढलं, तरी हेच सांगेन.

तू विचारलं नाहीस, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वारसाची. घटस्फोट झालेला नाही. उद्या तुला काही झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुझ्या मुलीबरोबर तुझा नवराही वारस. सोनं, खात्यातली शिल्लक, सगळ्यात त्याचा वाटा. म्हणून मृत्युपत्र कर. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर तू सही केलीस आणि त्यांनीही तुझ्यासमोर सह्या केल्या की ते वैध असतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. नॉमिनी मुलगी असेल तर ती सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने पैसे कोण घेणार त्याचंही नाव लिहावं लागतं. विश्वासाचं माणूस निवड. बँकेतच ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा अपघात विमा वर्षाला मिळतो, प्रत्येकी २ लाखांचा. दोन्ही लगेच घे. पगार वाढला की मोठा टर्म इन्शुरन्स.

आणि पगार वाढायलाच हवा. १६ हजारांत तू कितीही काटकसर केलीस तरी मुलीची दहावी आली की कमी पडणार. तू बसली आहेस ती जागा चांगली आहे. नुसती एंट्री करत राहू नकोस; जीएसटीची रिटर्न्स, टीडीएस, पगारपत्रकं, जे साहेब दुसऱ्याकडून करून घेतात ते मागून घे. हे येणारी मुलगी छोट्या दुकानदारांना हवीच असते. पुढे दोन-चार दुकानांचे हिशेब संध्याकाळी घरून केलेस तरी फ्लॅटचा हप्ता निघेल. फ्लॅटचा विचार तेव्हा कर, स्वतःच्या एकटीच्या नावावर. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

पगारातून पीएफ कापला जातो का ते बघून सांग. जात असेल तर तिथल्या नॉमिनेशनमधून नवऱ्याला लेखी वगळण्याची सोय स्त्री सभासदाला आहे, तो अर्ज कसा करायचा ते सांगते.