गर्भाची स्वतःची जनुके पहिल्यांदा कधी आणि कशी चालू होतात?

फलन झाल्या झाल्या नाही. सुरुवातीला गर्भाचा डीएनए जवळजवळ गप्पच असतो. आईने अंड्यात भरून दिलेल्या आरएनए आणि प्रथिनांच्या शिदोरीवर सगळं चालतं. उंदरात २ पेशींच्या टप्प्याला, माणसात ४ ते ८ पेशी झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या आसपास, गर्भाची जनुके जोमाने कामाला लागतात.

कशी, हे समजून घ्यायला फळमाशीसारखा दुसरा प्राणी नाही. तिच्या कोवळ्या गर्भात केंद्रकं सुरुवातीला दर ८-१० मिनिटांनी दुप्पट होतात. लांब जनुक वाचून, म्हणजे त्याची आरएनए प्रत काढून, पुरं होण्याआधीच पुढचं विभाजन येऊन ठेपतं. पण आईकडून आलेलं 'झेल्डा' हे प्रथिन तोवर तयारी करून ठेवतं. डीएनएवर सीएजीजीटीएजी अशी अक्षरं दिसली की ते तिथे बसतं आणि घट्ट गुंडाळलेला भाग सैल करतं, म्हणजे बाकीच्या प्रथिनांना शिरकाव मिळतो. विभाजनाच्या चौदाव्या चक्रात वेग एकदम मंदावतो आणि हजारो जनुके वाचली जाऊ लागतात. झेल्डा नसेल तर गर्भ जगत नाही. झेब्राफिशमध्ये हेच काम नॅनॉग हे प्रथिन आणि त्याचे साथीदार करतात.

मग वेळ कोण ठरवतं? न्यूपोर्ट आणि किर्शनर या संशोधकांनी १९८२ मध्ये झेनोपस बेडकाच्या अंड्यात जादा डीएनए टोचला, तर जनुकवाचन वेळेआधीच सुरू झालं. पेशी वाढतात तसा डीएनए वाढतो, पण त्याला झाकून ठेवणारी आईची हिस्टोन प्रथिनं तेवढीच राहतात. ती अपुरी पडू लागली की झाकण सुटतं, असा यामागचा एक खुलासा आहे. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो.